मालदीवमध्ये एकच सभागृह आणि वर प्रेसिडेंट, मग दोघांचं वाजलं तर सोडवतं कोण?

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.ए. राज्यशास्त्र करतेय, सेमिनारला मला मालदीवची मजलिस, म्हणजे तिकडची संसद, हा विषय आलाय. तीन दिवस वाचतेय पण गुंता सुटायच्या ऐवजी वाढतच चाललाय म्हणून इथं विचारते.

आपल्याकडे कसं सरळ आहे, विधानसभेत ज्याच्याकडे बहुमत तो मुख्यमंत्री, बहुमत गेलं की खुर्ची गेली. मालदीवमध्ये प्रेसिडेंट लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, म्हणजे मजलिसमध्ये त्याच्या पक्षाचे दहाच खासदार असले तरी तो प्रेसिडेंटच. इथपर्यंत समजलं. पण मग मंत्री नेमताना मजलिसची मंजुरी कशाला लागते? जानेवारी २०२४ मध्ये सभागृहात खासदार एकमेकांच्या अंगावर गेले तो व्हिडिओ आपल्याकडेही सगळ्यांनी बघितला, ते भांडण मंत्र्यांच्या मंजुरीवरूनच होतं ना? आणि मजलिसनं मंत्र्याला नाही म्हटलं तर प्रेसिडेंट मजलिस बरखास्त करू शकतो का, किंवा उलट मजलिस प्रेसिडेंटला घरी पाठवू शकते का?

दुसरं म्हणजे वरचं सभागृह नाहीच. आपल्या महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि वर विधान परिषदेचे ७८. तिकडं एकदा मजलिसनं कायदा केला की तो थांबवायला कुणी आहे का? पुस्तकात नुसतं 'एकसदनी, अध्यक्षीय' एवढं एका ओळीत लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात कसं चालतं ते कुणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

निवृत्त_मास्तर

अगं, प्रश्न नेमका विचारलायस. मी कॉलेजात तुलनात्मक शासनपद्धती शिकवायचो, मालदीव मुद्दाम घ्यायचो, कारण २००८ ची राज्यघटना अगदी ताजी आणि माणसंही आपल्या शेजारची.

आधी थोडं मागचं सांगतो, त्याशिवाय आत्ताची घटना अशी का आहे ते कळणार नाही. १९६८ साली ११ नोव्हेंबरला सुलतानशाही संपून प्रजासत्ताक आलं. पण तेव्हाची पद्धत अशी की मजलिसनं एकच नाव ठरवायचं आणि लोकांनी त्या एका नावावर हो किंवा नाही एवढंच सांगायचं. समोर दुसरा उमेदवारच नाही. मौमून अब्दुल गयूम १९७८ ते २००८ अशी ३० वर्षं याच पद्धतीनं निवडून येत राहिले, बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या वर मतं घेऊन. मजलिस ५० जणांची आणि त्यातले ८ खुद्द प्रेसिडेंटनं नेमलेले. म्हणजे मजलिस होती पण मम म्हणण्यापुरती.

मग आंदोलनं झाली, पक्षांना परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २००७ मध्ये लोकांनाच विचारलं की अध्यक्षीय पद्धत हवी की संसदीय. साधारण ६२ टक्के लोकांनी अध्यक्षीय म्हणून सांगितलं. हा आकडा लिहून ठेव, सेमिनारला उपयोगी पडेल. ३० वर्षं एका माणसाच्या राज्याला कंटाळलेल्या लोकांनी प्रेसिडेंट ठेवला, फक्त तो आम्ही थेट निवडणार आणि त्याच्या मानेवर मजलिस बसवणार असं ठरवलं. ७ ऑगस्ट २००८ ला घटना लागू झाली.

आता तुझ्या शंका. प्रेसिडेंटला निम्म्याहून जास्त मतं लागतात, पहिल्या फेरीत कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत परत मतदान. मुदत ५ वर्षं, जास्तीत जास्त दोन टर्म. व्हाइस प्रेसिडेंट त्याच्याच जोडीला, एकाच मतात दोघं. मंत्री प्रेसिडेंट नेमतो पण ७ दिवसांत नावं मजलिसकडे पाठवावी लागतात. आणि मंत्री खासदार असू शकत नाही, हे महत्त्वाचं, खासदाराला मंत्री व्हायचं असेल तर सीट सोडायची. मजलिस मंत्र्याला बोलावून प्रश्न विचारते, एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतांनी एकेका मंत्र्यावर अविश्वास आणून त्याला काढूही शकते. मंत्री गेला तरी प्रेसिडेंट जागेवरच.

कायद्याचं म्हणशील तर मजलिसनं बिल पास केलं की प्रेसिडेंटकडे १५ दिवस. तो सही करेल नाहीतर परत पाठवेल. पण परत आलेलं बिल मजलिसनं काहीही न बदलता एकूण सदस्यांच्या साध्या बहुमतानं पुन्हा पास केलं तर प्रेसिडेंटला सही करण्याशिवाय गत्यंतर नाही. अमेरिकेत यालाच दोन तृतीयांश लागतात. म्हणजे मालदीवच्या प्रेसिडेंटचा व्हेटो म्हणजे जरा थांबा, परत बघा, एवढाच.

बरखास्तीचं उत्तर: नाही. प्रेसिडेंट मजलिस बरखास्त करू शकत नाही, कुठल्याच परिस्थितीत नाही. श्रीलंकेतही एकच सभागृह, २२५ जणांचं, पण तिथला प्रेसिडेंट अडीच वर्षांनंतर ते बरखास्त करू शकतो, २०२४ च्या सप्टेंबरात तसं झालंही. मालदीवमध्ये ती सोयच नाही. आणि उलट बाजूनं मजलिसला प्रेसिडेंट काढायचा असेल तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात, तीही घटनेत सांगितलेल्या कारणांसाठी, राजकीय मतभेदासाठी नाही. खरं घोडं इथंच पेंड खातं.

हुलहुमालेकर

मास्तरांनी नियम सगळे बरोबर सांगितले, मी फक्त इथलं जमिनीवरचं सांगतो. मी सावंतवाडीचा, गेली ९ वर्षं इकडं अकाउंट्सचं काम करतो, हुलहुमाले बेटावर राहतो, पुलावरून बसनं राजधानी माले गाठतो. मला इथं मत नाही, आणि मुसलमान नसलेल्याला इथलं नागरिकत्वच मिळत नाही त्यामुळे कधी मिळणारही नाही, पण तीन तीन निवडणुका डोळ्यांनी बघितल्या.

ताई, पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा ती म्हणजे हा देश केवढा आहे. बेटं ११९२, त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती. परदेशी कामगार धरून सगळी मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. २०२४ च्या मजलिस निवडणुकीला मतदार होते २ लाख ८४ हजारांच्या आसपास आणि सीटा ९३. भागाकार करा, एका खासदारामागे ३ हजार मतदार. आपल्याकडे महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ आमदार, म्हणजे एका आमदारामागे सव्वातीन लाखांच्या वर. म्हणजे आपल्या एका सरासरी विधानसभा मतदारसंघात मालदीवच्या अख्ख्या देशाचे मतदार बसतात आणि वर जागा उरते!

याचा परिणाम काय होतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या, त्यांच्या आईला डायलिसिससाठी मालेला आणायचं होतं. बाईंनी ऑफिसातूनच खासदाराला फोन लावला, त्यानं उचलला, आणि पहिलं वाक्य होतं 'आई कशी आहे', कारण तो त्यांच्याच शाळेतला दोन वर्षं पुढचा. पंधरा मिनिटं बोलले. त्यात कायदा, बजेट, धोरण काही नाही, स्पीडबोट कुणाची, मालेत राहायचं कुठं, एवढंच. खासदार म्हणजे इथं आपल्याकडचा सरपंच आणि नगरसेवक एकत्र. आणि म्हणूनच मजलिसमध्ये कोण कुठल्या बाजूला उडी मारतो हे लोकांना घरगुती भांडणासारखं लागतं, कारण तो कुणाचा तरी मेव्हणा असतो, कुणाचा तरी मास्तर असतो.

मतदानाच्या आधीचे दोन दिवस मालेच्या धक्क्यावर या कधी. लोक कामाला मालेत आणि नाव गावच्या बेटावर, त्यामुळं फेऱ्या भरभरून बोटी सुटतात. काही मतदारसंघांच्या पेट्या मालेतही ठेवतात, रिसॉर्टवर ठेवतात, आणि परदेशातही ठेवतात, आपल्या तिरुवनंतपुरममध्येसुद्धा, कारण औषधोपचाराला आणि शिकायला तिकडं खूप मालदीवी असतात. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून आडवी दोरी बांधून पिवळे आणि गुलाबी झेंडे लावले की वर आकाश दिसत नाही.

जानेवारी २०२४ चं सांगतो. मोहम्मद मुइझ्झू सप्टेंबर २०२३ मध्ये प्रेसिडेंट म्हणून निवडून आले, १७ नोव्हेंबरला शपथ झाली. पण मजलिस जुनीच होती, २०१९ ची, तिच्यात बहुमत विरोधकांचं, एमडीपी म्हणजे मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीचं. मंत्री २२, मतदान २८ जानेवारीला ठरलेलं, सरकारच्या बाजूच्या खासदारांनी सभागृहात गोंधळ घातला, मग ती मारामारी. दुसऱ्या दिवशी मजलिसनं १९ जणांना मंजुरी दिली आणि तिघांना नाकारलं. प्रेसिडेंटनी त्याच तिघांना लगेच परत नेमलं! आमच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता, मासहुनी आणि रोशी (इथला नेहमीचा नाश्ता) समोर तशीच, आणि सगळे मोबाइलवर मजलिसचं लाइव्ह बघतायत.

चिपळूणकरीण

सर, दादा, दोघांचे खूप आभार. दादा, तो फोनचा प्रसंग मी सेमिनारमध्ये सांगितला तर चालेल ना? नाव-गाव काही घालणार नाही.

पण सर तुम्ही म्हणालात घोडं इथं पेंड खातं, तिथंच मला अजून विचारायचंय. प्रेसिडेंट मजलिसला हलवू शकत नाही, मजलिस प्रेसिडेंटला जवळजवळ हलवू शकत नाही, मग दोघांचं पटलं नाही तर पाच वर्षं नुसतं असंच?

निवृत्त_मास्तर

आता कसं बोललीस. घटनेत याला उत्तर नाही, आणि २००८ नंतरचा मालदीवचा सगळा राजकीय इतिहास म्हणजे या न लिहिलेल्या उत्तराच्या जागी प्रत्येकानं आपापलं उत्तर भरायचा प्रयत्न आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बघ कसं ते. २००८ ला मोहम्मद नशीद निवडून आले, गयूम यांना दुसऱ्या फेरीत हरवून. ९ मे २००९ ला मजलिसची निवडणूक झाली, ७७ सीटा, आणि नशीद यांच्या पक्षाला बहुमत मिळालं नाही. मग मजलिस सरकारचे पैशाचे अधिकार आवळायला लागली, मंत्र्यांना एकेक करून उडवायची तयारी चालली. २९ जून २०१० ला नशीद यांच्या १३च्या १३ मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले, मजलिस आम्हाला काम करू देत नाही म्हणून. पुढच्या महिन्यात नशीद यांनी मंत्री परत नेमले, मजलिसनं त्यातल्या काहींना नाकारलं, आणि डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मजलिसनं नाकारलेला मंत्री पदावर राहू शकत नाही. म्हणजे तिढा सोडवायला कोर्ट आलं. त्या दिवसापासून कोर्टाला आत ओढायची सवय लागली दोन्ही बाजूंना.

पुढं जानेवारी २०१२ मध्ये सरकारनं फौजदारी कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशालाच अटक केली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांतले काही फुटले, आणि ७ फेब्रुवारीला नशीद यांनी राजीनामा दिला. नंतर ते म्हणाले की माझ्याकडून जबरदस्तीनं घेतला. ते कसं झालं त्यावर आजही तिकडं दोन तट आहेत. पण आपल्या विषयापुरतं बघायचं तर मजलिसला दोन तृतीयांश जमवून जे करता आलं असतं ते सभागृहाच्या बाहेर झालं.

आता दुसरं टोक बघ. २०१३ ला अब्दुल्ला यामीन आले, २०१४ च्या मजलिसमध्ये ८५ पैकी ५३ सीटा त्यांच्या आघाडीच्या. तिढा संपला, पण त्याबरोबर लगामही गेला. २०१५ या एका वर्षात मजलिसनं दोन व्हाइस प्रेसिडेंट काढले, एक जुलैत आणि दुसरा नोव्हेंबरात. त्याआधी जूनमध्ये दुसऱ्याला पदावर बसवता यावं म्हणून घटनेतली वयाची अट बदलली, ३५ ची ३० केली, कारण तो तेव्हा ३३ वर्षांचा. घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश लागतात, ते मिळाले. एका माणसासाठी घटना बदलली आणि तो पदावर बसल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत त्याच माणसाला त्याच मजलिसनं काढलं. इथं वरचं सभागृह असतं तर निदान दोन महिने लागले असते, कुणी तरी म्हणालं असतं की अहो एवढी घाई कसली.

आणि २०१८. १ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं विरोधी नेत्यांना सोडायचा आणि पक्ष सोडलेल्या १२ खासदारांच्या सीटा परत द्यायचा आदेश काढला. ते १२ परत आले असते तर मजलिसमधलं बहुमत उलटलं असतं. ५ फेब्रुवारीला आणीबाणी लागली, सरन्यायाधीशांना अटक झाली, ८० वर्षांच्या गयूम यांनाही, जे यामीन यांचे सावत्र भाऊ. मजलिसच्या इमारतीभोवती लष्कर. आणि आणीबाणी वाढवायचा ठराव आला तेव्हा सभागृहात ३८ जण. ८५ चे निम्मे म्हणजे ४३ तरी हवेत असं विरोधकांचं म्हणणं, पण ठराव झाला म्हणून जाहीर केला.

म्हणून मी मुलांना सांगायचो, मजलिसमध्ये प्रेसिडेंटचं बहुमत नसलं तर कोंडी आणि असलं तर मम. मधली अवस्था या पद्धतीत फार थोडे दिवस टिकते.

म्हापसेकर

मास्तरांचा आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. मी गोव्याचा. आमची विधानसभा ४० जणांची, वरचं सभागृह आम्हालाही नाही आणि कधी कुणाला त्याची उणीव भासली नाही. एवढ्याशा राज्याला दोन सभागृहं म्हणजे खर्च आणि निवडणुकीत पडलेल्यांची सोय. मालदीव तर आमच्याहून लहान. तिकडं सिनेट काढली असती तर त्यात कोण बसलं असतं? तीच चार घराणी, तेच रिसॉर्टवाले.

दोष सभागृह एक असण्याचा नाही, दोष उड्यांचा आहे. आम्ही गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेलेले बघितले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत ११ पैकी ८. दोन तृतीयांश झाले की विलीनीकरण, सीट शाबूत. मी दोन्ही वेळा मत दिलेल्या माणसाला नंतर वेगळ्याच झेंड्याखाली बघितलं, त्याचा त्रास अजून होतो. लहान सभागृहात तीन-चार माणसं हलली की राज्य हलतं. मालदीवमध्ये पण हेच ना? प्रेसिडेंट निवडून आला की खासदार त्याच्याकडे पाण्यासारखे वाहतात असं वाचलंय.

आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आता आपल्यापेक्षा कडक पक्षांतरबंदी केलीय. ते चांगलंच झालं म्हणेन मी.

हुलहुमालेकर

म्हापसेकर, उड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण ती पक्षांतरबंदी कशी आली ते ऐका आणि मग सांगा चांगलं झालं का.

एप्रिल २०२४ ला मजलिसची निवडणूक झाली, प्रेसिडेंटच्या पीएनसी पक्षाला ९३ पैकी ६६. एमडीपी आधीच्या मजलिसमध्ये ८७ पैकी ६५ वर निवडून आलेली, ती १२ वर. आणि ९३ मध्ये बायका किती, तर फक्त ३. बेटांच्या कौन्सिलमध्ये एक तृतीयांश जागा बायकांना राखीव आहेत, तिथं त्या कामही जोरात करतात, मी बघतो, पण मजलिसला ते आरक्षण नाही.

हे ९३ कुठून आले तेही सांगतो ताई, तुम्हाला लागेल. घटनेतच सूत्र आहे, प्रत्येक प्रशासकीय विभागाला पहिल्या ५ हजार लोकांमागं दोन खासदार आणि पुढच्या दर ५ हजारांमागं एक. त्यामुळं लोकसंख्या वाढली की मजलिस वाढते, ७७ ची ८५ झाली, मग ८७, आता ९३. विभाग म्हणजे बहुतेक एकेक अटॉल, कड्यासारखा प्रवाळबेटांचा समूह. (अटॉल हा शब्द जगाला इथल्याच धिवेही भाषेनं दिला, भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकतो तो.)

तर २० नोव्हेंबर २०२४. त्याच दिवशी बिल मांडलं, त्याच दिवशी पास, त्याच दिवशी प्रेसिडेंटची सही. मी सकाळी कामाला गेलो तेव्हा घटना एक होती, रात्री घरी आलो तेव्हा दुसरी. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्यानं पक्ष सोडला तर सीट जाणार, अपक्ष कुठल्या पक्षात गेला तरी जाणार, इथपर्यंत ठीक. पण पक्षानं हाकललं तरी सीट जाणार! हे आपल्याकडे नाही. आपल्याकडे पक्षानं काढलेला आमदार आमदार राहतो. इथं पक्षानं काढला की घरी.

आता विचार करा, सत्ताधारी पक्षाचे दोन तृतीयांशाच्या वर खासदार, पक्षाच्या डोक्यावर प्रेसिडेंट, आणि पक्षाला नको झालेला खासदार काढायची सोय. मग मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारणार कोण? मास्तरांनी सांगितलेलं ते मानेवर बसवलेलं सभागृह, त्याचीच मान आता धरता येते. उड्या थांबल्या हे खरं, पण त्याबरोबर स्वतःच्या पक्षाला नाही म्हणायची जागाही गेली. इथं लोकांना खासदाराशी थेट बोलायची सवय, त्यांना हे फार लागलंय. आमच्या ऑफिसातल्या त्याच बाई म्हणाल्या की मत मी त्याला ओळखते म्हणून दिलं होतं, पक्षाला नाही.

या दुरुस्तीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुनावणी चालू असतानाच सुप्रीम कोर्टाच्या ७ पैकी ३ न्यायाधीशांना निलंबित केलं गेलं. पुढं त्यातल्या एकानं राजीनामा दिला, दोघांना मजलिसनं काढलं.

म्हापसेकर

पक्षानं काढलं तरी सीट जाते हे मला माहीत नव्हतं. मग मी माझं वाक्य मागं घेतो. गोव्यात मला आमदार पळाल्याचा राग आला होता, पण असा कायदा आमच्याकडे असता तर ज्या दोघा-तिघांनी वेळोवेळी स्वतःच्याच सरकारला खाणींवरून, जमिनींवरून खडे बोल सुनावले त्यांना पक्षानं दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं आणि ते विधानसभेतूनही गेले असते. ते नको.

पण वरच्या सभागृहाबद्दल माझं मत तेच आहे. २० नोव्हेंबरला सिनेट असती तर तीही त्याच पक्षाची असती.

निवृत्त_मास्तर

म्हापसेकर, तसं होईलच असं नाही, आणि यात निवडणुकीच्या तारखांचा मोठा हात आहे, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. प्रेसिडेंटची निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि मजलिसची त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. नवा प्रेसिडेंट लोकांना अजून नवाच असतो, लाट ओसरलेली नसते, लोक म्हणतात आता याला काम करू द्या. २०१८ नंतर इब्राहिम सोलिह यांच्या पक्षाला ८७ पैकी ६५, २०२३ नंतर मुइझ्झू यांच्या पक्षाला ९३ पैकी ६६. पक्ष वेगळे, पण कौल जवळजवळ तोच. मधल्या काळात निवडणूक नाही, म्हणजे अमेरिकेत दोन वर्षांनी जसा लोकांना मत बदलायचा मौका मिळतो तसा इथं नाही. तुमच्या सिनेटची निवडणूक जर अडीच वर्षांनी घेतली असती तर तिचं चित्र नक्की वेगळं दिसलं असतं. मला स्वतःला दुसरं सभागृह नकोच आहे, पण मजलिसची निवडणूक प्रेसिडेंटच्या टर्मच्या मध्यावर न्यावी असं मला मनापासून वाटतं.

आणि संसदीय पद्धतच आणा असं नशीद गेली कित्येक वर्षं म्हणतायत. लोक मात्र प्रेसिडेंट थेट निवडायचा हक्क सोडायला तयार दिसत नाहीत. ३० वर्षं हो-नाही केल्यावर तो मिळालाय, का सोडतील.

चिपळूणकरीण

सर, हा तारखांचा मुद्दा मी सेमिनारचा मुख्य मुद्दाच करते, चालेल ना? वेळापत्रकाकडे कुठल्याच पुस्तकानं नीट बघितलेलं मला सापडलं नाही.

शेवटची एकच शंका. जानेवारी २०२४ च्या भांडणानंतर मुइझ्झू यांच्यावर महाभियोग आणायच्या हालचाली झाल्या होत्या असं वाचलं. एका ठिकाणी ५४ मतं लागतील लिहिलंय, दुसरीकडे ५८. मजलिस एकच, अट एकच, दोन तृतीयांश, मग आकडे दोन कसे?

हुलहुमालेकर

हे मी सांगतो, कारण तेव्हा मालेत प्रत्येक हॉटेलात लोक टेबलावर बोटानं हाच हिशोब करत होते.

मास्तरांनी वर सांगितलंय की खासदाराला सरकारात पद घ्यायचं तर सीट सोडायची. मुइझ्झू आले तेव्हा ७ खासदारांनी तशा सीटा सोडून सरकारात पदं घेतली. मजलिसची निवडणूक काही महिन्यांवर आलेली, म्हणून निवडणूक आयोगानं त्या ७ जागांवर पोटनिवडणूक घ्यायची नाही असं ठरवलं. म्हणजे खुर्च्या ८७ पण माणसं ८०.

विरोधकांनी सभागृहाच्या नियमांत बदल केला, की रिकाम्या जागा एकूण सदस्यांत मोजायच्या नाहीत. ८० चे दोन तृतीयांश म्हणजे ५४. सरकारचं म्हणणं घटनेप्रमाणे सदस्य ८७, त्याचे दोन तृतीयांश ५८. आणि विरोधकांकडे होते किती, तर एमडीपीचे ४३ आणि नशीद यांच्या नव्या पक्षाचे, डेमोक्रॅट्सचे १३. बेरीज ५६. पहिल्या हिशोबानं प्रेसिडेंट जातो, दुसऱ्या हिशोबानं राहतो!

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. महाभियोगाचा ठराव मतदानापर्यंत आलाच नाही. २१ एप्रिलला मतदान झालं, मेच्या शेवटी ९३ जणांची नवी मजलिस बसली आणि तिच्यात तो प्रश्न विचारायला लागतील इतके विरोधकच नव्हते. सेमिनारसाठी शुभेच्छा ताई, आणि हो, फोनचा प्रसंग खुशाल सांगा. बाईंची आई आता बरी आहे.